मागच्या खोलीतला कॅनडा

मला त्या 'महाराष्ट्र' म्हणायच्या. माझं नाव त्यांनी कधी विचारलंच नाही. सेक्टर बावीसमधल्या त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर आमचं सामान चढत होतं, खाली अंगणात त्या खुर्ची टाकून बसलेल्या, आणि ओळख ना पाळख, पहिलं बोलणं काय, तर "ओ महाराष्ट्र, पहले चूल्हा चढा, पलंग बाद में." माणूस जमिनीवर झोपू शकतो, उपाशी झोपू शकत नाही, हा खुलासाही मग त्यांनीच केला. गच्चीवरच्या खोलीत शिमल्याकडचं एक जोडपं राहायचं, ते 'हिमाचल'. आमच्या आधी राहून गेलेले 'बिहार'. घरमालकीण कसली, अख्ख्या देशाचा नकाशा जिन्यावरून वर-खाली करायच्या बाई. आम्ही सगळे त्यांना बीजी म्हणायचो. तिकडं आईला, आजीला म्हणतात तसं.

आमच्या ह्यांची केंद्र सरकारची नोकरी. बदल्या करत करत शेवटची बदली चंदीगडला, ऑफिस सतरा सेक्टरात. मी कराडकडची, हिंदी माझं मोडकंतोडकं. बीजींचं हिंदीही पंजाबीच्या अंगानं चालणारं. त्यामुळं आमचं छान जमायचं, कुणी कुणाला हसायचं नाही.

सारी नोकरी त्यांनी मुलींच्या होस्टेलची वॉर्डन म्हणून काढली होती. नोकरी सुटली, पण वॉर्डन काही सुटली नाही. दिवेलागणीला फाटकाला कुलूप. त्यानंतर येईल त्यानं फाटकाबाहेर उभं राहून कारण सांगायचं. आमचे हे, पन्नाशी उलटलेला सरकारी माणूस, हातात दुधाची पिशवी घेऊन सांगतायत की मीटिंग लांबली हो बीजी. तर आतून प्रश्न यायचा, मीटिंगमध्ये समोसा होता का? होता म्हटलं की कुलूप उघडायचं. समोसा नसलेली मीटिंग त्या मानायच्याच नाहीत. एकदा खरंच समोसा नव्हता, तर ह्यांनी खोटं सांगितलं आणि वर येऊन मला म्हणाले, या वयात मी खोटं बोलायला शिकलो बघ.

आणि नाक. नाकानं माणूस ओळखायच्या. हिमाचलचा नवरा चोरून बिडी ओढायचा आणि वेलदोडा चघळत घरी यायचा. बीजींनी त्याला जिन्यात धरलं. नुसता वेलदोडा कोण खातं, म्हणाल्या, वेलदोडा खाणारा माणूस काहीतरी झाकत असतो. होस्टेलच्या दिवसांतलं त्यांचं एक वाक्य तर माझ्या तोंडात बसलंय. "लडकी झूठ बोले तो मुँह मत देख, पैर देख." तोंडाला सवय असते, पाय खरं बोलतात. मी माझ्या सुनेवर करून बघितलं. चालत नाही. सून माझ्याहून हुशार आहे.

पुरणपोळी नेऊन दिली तर कैरीच्या लोणच्याशी खाल्ली. वर मलाच सांगितलं, पराठा चांगला आहे, जरा गोड झालाय.

हसू येतं हे सांगताना. पण बीजींची आठवण हसण्यावर संपत नाही, म्हणून तर लिहायला बसले.

त्यांचा एक ठाम विश्वास होता, की दार लावून घेतलं की कुठलंही दुखणं बरं होतं. होस्टेलात एकदा कांजिण्यांची साथ आली. पोरींच्या घरचे न्यायला तयार नव्हते. बीजींनी एका मोठ्या खोलीत सगळ्या आजारी पोरी घेतल्या, आतून कडी घातली आणि स्वतः त्यांच्यात राहिल्या. जेवण खिडकीतून. लिंबाचा पाला, उकळलेलं पाणी आणि बीजी. सगळ्या पोरी बऱ्या होऊन बाहेर आल्या, बीजींच्या कपाळावर तेवढे दोन खड्डे राहिले. ते खड्डे त्या मिरवायच्या. कोंडायचं तर आपणही आत बसायचं, हा त्यांचा नियम. त्यांना कुणी कठोर म्हटलं तर मला राग येतो, तो याच्यासाठी.

तर गुड्डी. गुड्डी म्हणजे त्यांची नात, मुलाची मुलगी. तिची आई ती लहान असतानाच गेली, बापानं लुधियान्याला दुसरं लग्न केलं, आणि ही वाढली बीजींजवळ. चंदीगडबाहेर, खरडच्या बाजूला खासगी कॉलेजात शिकायची, तिथंच पेइंग गेस्ट म्हणून राहायची आणि शनिवारी घरी यायची. आली की आधी माझ्या स्वयंपाकघरात. साबुदाण्याची खिचडी म्हणजे तिचा जीव. माझ्याकडून दोन मराठी शब्द उचलले होते, ते कुठंही लावायची. जिन्यातूनच हाक, "काय गं आंटी?" मी म्हणायचे, अगं मोठ्या माणसाला गं म्हणत नाहीत. तर म्हणायची, "काय गं आंटीजी?"

मग तिचं शनिवारी येणं कमी झालं. आली तरी झोपून असायची. बारीक झाली, बाह्या लांब झाल्या. बीजींनी तिची बोटं हुंगली, केस हुंगले, कपडे हुंगले. काही नाही. म्हणाल्या, अभ्यासाचा ताण आहे. नंतर कितीदा तरी मला म्हणाल्या, महाराष्ट्र, दारूला वास असतो, बिडीला असतो, परपुरुषालासुद्धा असतो. याला काहीच नव्हतं गं.

'याला' म्हणजे चिट्ट्याला. पंजाबीत चिट्टा म्हणजे पांढरा. हेरॉइनची पांढरी पूड. एका मैत्रिणीच्या खोलीवर सुरू झालं, मग सुईवर गेलं. कॉलेजातून नाव कमी झालं तेव्हा बीजींना कळलं.

त्याच सुमाराला जालंधरकडच्या एका घरून गुड्डीला मागणी आली होती. मुलगा चांगला, माणसं बरी, फक्त थोडं थांबा म्हणालेली. इकडं शेजारपाजारी विचारायला लागले, की गुड्डी दिसत नाही, कॉलेज संपलं का? बीजी फाटकाशी उभ्या होत्या, आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, कॅनडाला गेली शिकायला. तिथं हे सगळ्यात सोपं उत्तर. दर घरातलं कुणी ना कुणी कॅनडात, नाहीतर जायच्या वाटेवर. पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही, नुसतं अभिनंदन करतात. पण खोटं एकदा बोललं की त्याचे लाड करावे लागतात. लोक लाडू मागायला लागले. बीजींनी लाडू वाटले. मलाही दिला. मी खाल्ला, आणि वर जाऊन ह्यांना म्हणाले, पोरगी मला न भेटता गेली कशी?

त्यानंतर दर रविवारी सकाळी बीजी पुढच्या ओसरीत येऊन कॅनडाशी बोलायच्या. फोन कानाला लावून एवढ्या मोठ्यानं, की त्यांना फोनची गरज नव्हती. बर्फ पडलं का, स्वेटर घाल, कच्चं अंडं खाऊ नकोस. शेजारची माणसं जाता जाता हात करून गुड्डीला सत श्री अकाल सांगायला सांगायची, आणि बीजी ते फोनमध्ये सांगायच्या.

माझं स्वयंपाकघर त्यांच्या मागच्या खोलीच्या बरोबर वर. तिथं खालून ठक ठक आवाज यायचा. तबेल्यात घोडा टाचा आपटतो ना, तसा. विचारलं तर म्हणाल्या, घूस शिरलीय. एवढी मोठी घूस मी कराडच्या साखर कारखान्यातही पाहिली नव्हती. एक दिवस कपडे वाळत घालायला मागच्या अंगणात उतरले. त्या खोलीच्या खिडकीला आतून वर्तमानपत्रं चिकटवलेली, एक कोपरा फाटलेला. त्या फटीत एक डोळा.

"काय गं आंटी," आतून आवाज आला. "कनाडा में साबूदाना नहीं मिलता."

माझ्या हातातली चादर तिथंच चिखलात पडली.

बीजी मागून आल्या होत्या. रागावल्या नाहीत. चादर उचलली, नळाखाली धरली, आणि धुता धुता सगळं सांगितलं. मागच्या खोलीत त्यांनी पोरीला कोंडलं होतं आणि स्वतःही तिच्याबरोबर राहत होत्या, कांजिण्यांसारखं. पाय आपटायची ती गुड्डी. ते सुटताना हाडांच्या आत मुंग्या चालतात म्हणे, पाय जागेवर राहत नाहीत. नाक गळतं, पोट धरत नाही, अंगावर काटा उभा राहतो. बीजी रात्रंदिवस तिचे पाय चेपत बसायच्या. मी मग रोज मऊ भात आणि वरण खाली द्यायला लागले. दवाखान्यात न्या म्हटलं, तर म्हणाल्या, दवाखान्यात नेलं की नाव लागतं, नाव लागलं की लग्न लागत नाही.

आणि खरं सांगते, पोरगी सुधारली. ठक ठक थांबली. गालांवर रंग आला, खिचडी मागायला लागली. बीजींची मान ताठ. मला म्हणायच्या, मी म्हणाले नव्हते, दार लावलं की सगळं बरं होतं?

एका दुपारी बीजी बँकेत गेल्या आणि गुड्डी मागच्या दारानं बाहेर पडली. बीजी परत आल्या तेव्हा ती मागच्या अंगणात नळाशी आडवी पडलेली, ओठ निळे. मी खाली धावले. रिक्षा फाटकाशी आली, तर बीजी म्हणाल्या, पुढं नको, मागच्या गल्लीत बोलव. अख्ख्या ब्लॉकला वळसा घालून रिक्षा मागं आली, तोवर मी पोरीच्या गालावर चापट्या मारत होते. बीजींनी तिच्या तोंडावर चादर ओढली, श्वासापुरती फट ठेवून.

सरकारी इस्पितळात इंजेक्शन दिलं आणि ती परत आली. परत आली असंच म्हणते, कारण गेलीच होती. तिथला डॉक्टर पोरगेलासा होता, डोळे लाल, बहुतेक झोपलेला नसावा. त्यानं बीजींना बसवून सांगितलं, की माताजी, तुम्ही कोंडलंत म्हणून शरीराची सवय मोडली, पण ओढ मोडत नाही. ओढ घेऊन माणूस बाहेर पडतो, पूर्वीइतकंच घेतो, आणि आता ते शरीराला झेपत नाही. आज त्यातूनच झालं. हे कोंडून बरं होणारं दुखणं नाही, लांब चालणारं आहे. जिभेखाली ठेवायची एक गोळी असते. सुरुवातीला रोज इथं यायचं, आमच्यासमोर घ्यायची. पुढं घरी न्यायला देऊ. मधे खंड पाडायचा नाही.

बीजी सगळं नीट ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "पर डॉक्टरसाब, ये रोज कैसे आएगी? ये तो कनाडा में है."

डॉक्टरनं पलंगाकडं बघितलं. गुड्डी तिथं सलाइन लावून पडलेली. तो हसला नाही, एवढं त्याचं मी कायम लक्षात ठेवीन. म्हणाला, कॅनडात असेल तर तिथंही हीच गोळी मिळते माताजी. आणि इथं असेल तर उद्या सकाळी घेऊन या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बीजी तिथं गेल्या नाहीत, खरडला गेल्या. मलाही घेतलं. चंदीगडात अर्धं इस्पितळ त्यांच्या होस्टेलच्या पोरींनी भरलेलं. कुणी नर्स, कुणी खिडकीवर, कुणी डॉक्टरीण. खरडला कोण ओळखणार? तिथं नशामुक्तीच्या खासगी पाट्या ढीगभर. पहिल्या ठिकाणी म्हणाले, लेडीज नहीं रखते जी. दुसऱ्या ठिकाणीही तेच. पुरुषांना जागा, बाईला नाही. मी विचारलं, बायकांनी हे दुखणं घेऊन जायचं कुठं? तर तो माणूस म्हणाला, बायका असलं करत नाहीत. गुड्डी शेजारीच उभी होती, ओढणी डोळ्यांपर्यंत.

एका ठिकाणी मात्र लगेच हो म्हणाले. वर चढलो तर लोखंडी जाळीमागं पुरुषांचे चेहरे, कुणी काही बोलेना. चालवणारा माणूस फार गोड. तुमच्या मुलीला आमच्या सिस्टरकडं मागं ठेवू, घरच्यासारखं. बीजींनी हवा हुंगली. एवढं फिनेल कशाला, म्हणाल्या, काय धुतलंत? मग त्या माणसाच्या पायांकडं बघितलं, माझा दंड धरला आणि आम्ही तिघी खाली उतरलो. तिथल्या सरकारी दवाखान्यातही विचारलं. ती माणसं भली होती, पण म्हणाली, पत्ता चंदीगडचा आहे, तर चंदीगडलाच जा, हा पंजाब आहे, चंदीगडचा कारभार वेगळा. बीजी परतताना म्हणाल्या, चार मैलांवर पंजाब लागतो महाराष्ट्र, आणि औषध रस्त्यातच उभं राहतं.

शेवटी त्याच इस्पितळात जायला लागलो. मागच्या गल्लीतून, रिक्षाला पडदे, गुड्डी काळा चष्मा घालून. कुणी भेटलं तर लुधियान्याची भाची.

तिथली रांग सगळी पुरुषांची. कुणी कॉलेजातला, कुणी रिक्षावाला, कुणी बुटांची पॉलिश चमकवून ऑफिसला निघालेला. गुड्डी रांगेत शिरायला तयार होईना. बीजींनी एकदा सगळ्यांवरून नजर फिरवली, होस्टेलच्या जेवणघरात फिरवत असतील तशी, आणि भिंतीच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या. मोठ्यानं म्हणाल्या, लेडीज लाइन इथं. लाइनीत आम्ही तिघीच. रखवालदार म्हणाला, माताजी अशी लाइन नसते. बीजी म्हणाल्या, आता आहे. थोड्या वेळानं पार्किंगच्या झाडामागून एक बाई आली, कडेवर पोर, आणि खाली मान घालून आमच्या मागं उभी राहिली. रोज येऊन रांग पांगण्याची वाट बघायची म्हणाली, कधी कधी तोवर खिडकी बंद व्हायची. आठवडाभरात आणखी दोघी आल्या. बीजी त्यांची हजेरी घ्यायच्या. एखादी आली नाही तर दुसरीला विचारायच्या, फोन लाव तिला.

गोळी जिभेखाली विरघळेपर्यंत बोलायचं नसतं, गिळायचं नसतं. समोर बाकावर बसून राहायचं. गुड्डी तोंड मिटून बसायची आणि बीजीही. आयुष्यात प्रथमच मी त्यांना इतका वेळ गप्प बघितलं. मग गुड्डी जीभ दाखवायची, झालं म्हणून, आणि बीजींचं सुरू.

ते दिवस चांगले होते. गुड्डीचे पाय शांत झाले, ती जेवायला लागली, वर येऊन माझ्याबरोबर मटार सोलायला लागली, पडदे लावून का होईना. एकदा म्हणाली, आंटी, मी बरी झाले ना की खरंच कॅनडाला जाईन. म्हणजे बीजी खोट्या पडणार नाहीत.

मग एक नर्स आली. नवीन बदलून आलेली, बीजींच्याच होस्टेलची. लांबूनच ओळखलं आणि वाकून पायांना हात लावला. मॅडम, तुम्ही इथं? आणि मग चष्म्याआडच्या गुड्डीकडं बघून, अगदी प्रेमानं, "गुड्डी तो कनाडा गई थी ना? मैंने तो लड्डू भी खाया था."

गोळी झाली, आम्ही घरी आलो. दुसऱ्या दिवशी मी चपला घालून खाली उतरले तर मागच्या दाराला कुलूप. बीजी म्हणाल्या, त्या नर्सची या खिडकीवरची ड्यूटी पुढच्या आठवड्यात बदलते, मी विचारून घेतलंय. मग जाऊ.

मी खूप बोलले. डॉक्टरनं खंड पाडू नका म्हटलंय, हे त्यांना परत परत सांगितलं. मी नेते म्हटलं, तुम्ही येऊ नका. तर म्हणाल्या, तू नेलंस तरी पत्ता माझाच आहे. आत गुड्डी म्हणत होती, "बीजी, चलो ना." ओरडून नव्हे. दारापाशी बसून, हळू. "बीजी, चलो ना, कोई नहीं देखेगा." आणि बीजी दाराच्या या बाजूला बसून म्हणायच्या, बस पुत्त, थोडे दिवस. खाली परत ठक ठक सुरू झाली. माझ्या हातून त्या दिवसांत स्वयंपाक नीट झाला नाही. ह्यांनीही जाऊन सांगितलं, आमचे हे, जे त्यांच्यापुढं समोशावाचून बोलत नसत. बीजींनी त्यांना चहा दिला आणि विषय बदलला.

एका दुपारी बीजी जिना चढून वर आल्या. गुडघ्यांमुळं त्या कधी वर येत नसत. दारात उभ्या राहून म्हणाल्या, महाराष्ट्र, नीचे आ.

पोरगी खिडकीचा गज वाकवून गेली होती. गेली, आणि परतही आली होती. मला हे फार लागतं, की परत आली. आपल्या खाटेवर येऊन, चादर घेऊन, भिंतीकडं तोंड करून झोपली होती. बीजी जेवायला उठवायला गेल्या तेव्हा अंग गार. या वेळी इंजेक्शनला काही उरलं नव्हतं. डॉक्टर घरी येऊन बघून गेला.

बाप लुधियान्याहून आला. रडला, मग डोळे पुसून व्यवहाराचं बोलायला लागला. सांगू या की कॅनडाहून फोन आलाय, अपघात झाला. अंत्यविधी तिकडंच झाला म्हणू. अंधार पडला की मागच्या गल्लीत गाडी लावू, स्मशानात माझी ओळख आहे. जालंधरच्यांनाही तेच कळवू. बीजी ऐकत होत्या. हो म्हणाल्या नाहीत, नाही म्हणाल्या नाहीत. त्यानं ते हो धरलं आणि फाटकाशी जाऊन शेजाऱ्यांना सांगितलंही.

तासाभरात ओसरी भरली. पांढऱ्या ओढण्या, खाली बसलेल्या बायका, कॅनडात एकटी गेली बिचारी म्हणून डोळ्यांना पदर. तिकडं हे काही नवीन नाही. पोरं परदेशात जातात आणि कुणाकुणाची पेटी परत येते. त्यामुळं प्रश्नही ठरलेला. कोपऱ्यावरच्या घरातली एक वयस्क बाई बीजींचा हात हातात घेऊन बसली होती. तिनं विचारलं, "बॉडी कब तक आएगी, बहनजी?"

बीजी उठल्या. मुलगा त्यांच्याकडं बघत होता, मान हलवत, नको नको म्हणून.

"कनाडा से नहीं आनी," त्या म्हणाल्या. "पिछले कमरे में है. चिट्टे से गई. मैंने रखा था बंद करके."

मग त्यांनी स्वतः जाऊन पुढच्या दाराच्या दोन्ही झडपा उघडल्या, विटा लावल्या, आणि मुलाला म्हणाल्या, इकडून आण. अजून ऊन आहे तोवर.

काही माणसं निघून गेली. जाणारच. मुलगा मागच्या अंगणात जाऊन उभा राहिला, तो बराच वेळ आत आला नाही. खांदा द्यायला आमचे हे गेले, हिमाचलचा नवरा गेला, आणि ओळख ना देख असा एक पोरगा, इस्पितळाच्या रांगेतला. ती नर्सही आली होती. तिनं बीजींना धरलं आणि रडत रडत म्हणाली, मॅडम, मी कुणाला सांगितलं नव्हतं हो. मी घरीसुद्धा सांगितलं नव्हतं.

बीजींनी तिच्याकडं बघितलं ते कसं, हे मला लिहिता येणार नाही.

आता हे निवृत्त झाले, मुलाची नोकरी मोहालीत, म्हणून आम्ही खरडला फ्लॅट घेतलाय. महिन्यातून एखाद्या दुपारी मी बावीस सेक्टरात जाते. बीजींनी वरचा मजला परत कुणाला दिला नाही. फाटकाला कुलूप घालत नाहीत. बोलतात, पण मधेच थांबतात, आणि आपण काय बोलत होतो ते मलाच विचारतात. जालंधरच्या मुलाचं लग्न झालं, हे त्यांनी मला असं सांगितलं, जसं कुणा पाहुण्याचं झालं.

मागच्या खेपेला मी तिथं असताना एक बाई आली. चाळिशीची, बऱ्या घरची, पर्स छातीशी धरलेली. बीजींची ओळख नव्हती, कुणाकडून तरी ऐकून आली होती. बराच वेळ पाणीच पीत राहिली. मग म्हणाली, मुलगा आहे. आम्ही सगळ्यांना दुबईला आहे म्हणून सांगितलंय.

बीजींनी तिला सगळं सांगितलं. कुठली इमारत, कुठली खिडकी, सकाळी किती लवकर, बरोबर काय न्यायचं, गोळी कशी घ्यायची. दोनदा सांगितलं, मास्तरीण सांगते तसं. ती बाई मान डोलवत होती. शेवटी तिनं विचारलं, तिथं मागून जायला रस्ता आहे का? म्हणजे कुणाला दिसणार नाही असा.

बीजी खुर्चीतून पुढं वाकल्या. "सामने के दरवाजे से ले जाना, बेटा. दिन में. कोई पूछे तो रुक के बताना."

बाई हो म्हणाली. दोन्ही हात जोडले, ओढणी डोक्यावरून पुढं ओढली. मी तिला सोडायला उठले, तर ती फाटकाकडं वळलीच नाही. अंगण ओलांडून मागच्या गल्लीनं गेली.